खंजिरी भजनाची रात्र: रेकॉर्डिंग कसं करायचं आणि त्यातलं काय जपायचं

कोजागिरी आटोपली, सोयाबीन घरात आलं की विदर्भातल्या गावांत भजनाच्या रात्री सुरू होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम, सप्ताह, खंजिरी भजन स्पर्धा. महाशिवरात्रीपर्यंत कुठे ना कुठे मंडप पडलेलाच असतो. मंडपात दहा-वीस पोट्टे मोबाईल वर धरून उभे असतात. सकाळी त्या रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो फक्त भोंगा. खंजिरीची थाप फाटलेली, झील धरणाऱ्यांचा (मागून ध्रुपद उचलणाऱ्यांचा) पत्ता नाही, पेटी तर विहिरीच्या तळाशी वाजवल्यासारखी. यात मोबाईलचा दोष थोडा आणि जागेचा फार. साध्या मोबाईलने योग्य जागेवरून घेतलेलं भजन हे महागड्या रेकॉर्डरने भोंग्यासमोर उभं राहून घेतलेल्या भजनापेक्षा केव्हाही सरस निघतं.

कोणती रात्र, कोणता प्रहर

स्पर्धेत प्रत्येक मंडळाला ठरावीक मिनिटं मिळतात, घंटी वाजते, समोर परीक्षक बसलेले असतात. त्यामुळे मंडळं घोटून बसवलेली दोन-तीन भजनंच म्हणतात. सूर पक्का, शब्द स्पष्ट, पण कोणी चौकट सोडत नाही. संग्रहात एका मंडळाचा नमुना हवा असेल तर स्पर्धेतलं भजन घ्यावं. रंगलेलं भजन हवं असेल तर दोन वेळा साधायच्या. पहिली म्हणजे परीक्षक गुणांची बेरीज करत असतात तो अर्धा-पाऊण तास. तेव्हा आयोजक कोणातरी जुन्या गायकाला बसवतात, दुसऱ्या मंडळाचा तबलजी आपणहून साथीला येतो, घंटीची भीती नसते. नेमकी याच वेळी रेकॉर्डिंग करणारी मंडळी चहाला गेलेली असतात.

दुसरी वेळ भोंगे बंद झाल्यानंतरची. ध्वनी प्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस. म्हणजे जागरणाचं भजन नियमाने चाललं असेल तर मध्यरात्रीनंतर ते बिनमाईकचंच असतं. रेकॉर्डिंगसाठी याहून चांगली गोष्ट नाही. माईक गेला की मंडळ आपोआप जवळजवळ बसतं, मुख्य गायक आवाज सांभाळून लावतो, खंजिरीवाला हात हलका करतो आणि झील धरणारे एकमेकांचा आवाज ऐकू लागतात. एका रात्रीत एकच तास टिपायचा असेल तर हा टिपा.

सोबत काय न्यायचं

हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर असेल तर उत्तम. झूम एच1एन, टास्कॅम डीआर-05एक्स अशा जातीचा कोणताही चालतो. सेटिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाईल) असं ठेवायचं. या सेटिंगला तासाला साधारण 1 जीबी लागतो, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात 30 तास बसतात. जागेची काटकसर करून एमपी3 मध्ये रेकॉर्ड करण्याचं काही कारण उरत नाही. मात्र बरेच रेकॉर्डर 2 जीबी भरले की फाईल तोडून नवी सुरू करतात. या सेटिंगला तो तुकडा दोन तासांच्या आसपास पडतो. म्हणून प्रत्येक मंडळ उठलं की रेकॉर्डिंग थांबवून नवं सुरू करावं, नाहीतर तुकडा ऐन अंतऱ्यात पडायचा.

मोबाईलच असेल तर फोनसोबत आलेलं ‘व्हॉइस रेकॉर्डर’ ॲप वापरू नका. ते बोलण्यासाठी बनवलेलं असतं. सतत चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असं समजून ते तो दाबतं, आणि भजनात सतत चालणारा आवाज म्हणजे टाळ आणि खंजिरीच्या चकत्या. वेव्ह फाईल बनवणारं आणि ‘ऑटो गेन’ (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) व ‘नॉइज रिडक्शन’ (गोंगाट दाबणारी सोय) बंद करता येणारं ॲप आधीच टाकून घरी तपासून ठेवा. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन विमान मोडवर हवा. नुसता सायलेंट केला तर फोन आला की रेकॉर्डिंग थांबतं, आणि रात्री दोनला घरून ‘कधी येता?’ म्हणून फोन येतोच.

सेलच्या बाबतीत गावातल्या दुकानावर विसंबू नये. तिथे मिळतात ते बहुधा घड्याळाचे-रिमोटचे साधे सेल. रेकॉर्डरमध्ये ते झटपट संपतात. अल्कलाइन किंवा रिचार्ज होणारे सेल तालुक्याहून आणा आणि रेकॉर्डरच्या मेनूत सेलचा प्रकार बरोबर निवडा, नाहीतर बॅटरीची खूण खोटी दाखवते. पहाटेच्या थंडीत अल्कलाइन सेलचा दम लवकर जातो, म्हणून जादा जोड खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. पॉवर बँक लावणार असाल तर एक खोच आहे: रेकॉर्डर इतकी कमी वीज ओढतो की पुष्कळ पॉवर बँकांना काही जोडलेलंच नाही असं वाटतं आणि त्या आपोआप बंद होतात. घरी दोन तास लावून बघितल्याशिवाय ती नेऊ नका.

बाकी सामान किरकोळ: पाच-सहा फूट उंच होणारा स्टँड, स्पंजची टोपी, सुती रुमाल, कानात घट्ट बसणारा वायरचा हेडफोन, वही, पेन आणि टॉर्च.

जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा आणि मंडपात चक्कर मारून चार गोष्टी बघून घ्या: भोंगे कुठे बांधलेत, जनरेटर कुठे आहे, शेकोटी कुठे पेटणार, आणि मंडळ कसं बसणार.

मंडळ साधारण अर्धगोलात बसतं. मधे मुख्य गायक, त्याच्याच हातात खंजिरी, एका अंगाला पेटी, दुसऱ्या अंगाला तबला किंवा ढोलक, मागे आणि कडेला टाळ घेतलेले झीलकरी. रेकॉर्डर मुख्य गायकापासून सहा ते आठ फुटांवर, बसलेल्या माणसांच्या डोक्याच्या वर, म्हणजे जमिनीपासून साडेचार-पाच फुटांवर हवा. याहून जवळ गेलात तर गायक आणि खंजिरी एवढंच येतं, झील हरवते. बारा फुटांच्या पलीकडे शब्द विरघळायला लागतात, आणि मंडपातल्या बायाबापड्यांच्या गोष्टी मात्र स्पष्ट येतात.

अगदी समोरासमोर उभं राहायचं नाही. खंजिरीचा कडक आवाज कातड्याचं तोंड ज्या दिशेला असतं त्या दिशेला सर्वांत जास्त जातो. गायक खंजिरी कोणत्या हातात धरतो ते बघून तोंडाची रेषा सोडा आणि पेटीच्या बाजूला तिरकस सरका. दोन-तीन पावलांनी सरकलं तरी थाप मऊ होते आणि शब्द पुढे येतात. तबल्याच्या बाजूला सरकलात तर डग्गा सगळ्यावर चढून बसतो.

भोंग्याच्या बाबतीत नियम सोपा: रेकॉर्डर कायम भोंग्याच्या पाठीमागे हवा. भोंगा मधल्या पट्टीचाच आवाज फेकतो. डग्ग्याची घुमार आणि चकत्यांची किणकिण त्यातून येतच नाही. शिवाय आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. भोंगा 34 मीटरवरच्या खांबाला बांधला असेल तर त्याचा आवाज तुमच्यापाशी सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. गायकाचा मूळ आवाज आणि मागून येणारा तोच आवाज यांची खिचडी झाली की शब्द दुहेरी ऐकू येतात, आणि कोणतंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. हिवाळ्याच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वाकतो आणि दूरवर जातो. शेजारच्या गावचा भोंगा दिवसा ऐकू येत नाही आणि मध्यरात्री येतो, त्याचं कारण हेच. त्याला इलाज नाही. फक्त रेकॉर्डरचं तोंड त्या दिशेला करू नका.

स्टँड मंचावर ठेवायचा नाही. मंच फळ्यांचा किंवा तखतांचा असतो आणि भजन रंगलं की दहा माणसांचे गुडघे ठेका धरतात. ती धडधड स्टँडच्या पायांतून थेट माईकमध्ये चढते. स्टँड मंचाखाली, जमिनीवर, पायाखाली चौपदरी घोंगडी किंवा सतरंजी टाकून उभा करा. मंच उंच असेल तर स्टँडची उंची तेवढी वाढवा. शेकोटीपासून किमान पंधरा फूट दूर राहा. तुराट्या-पऱ्हाट्या तडतडतात आणि ती तडतड रेकॉर्डिंगमध्ये थेट खरखरीसारखी ऐकू येते. जनरेटर हलवायला सांगायचं असेल तर मंडप बांधतानाच सांगा, नंतर कोणी ऐकत नाही.

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, दंडार किंवा खडी गंमत (तिथले लोकनाट्याचे प्रकार) रेकॉर्ड करायची असेल तर हे माप चालत नाही. तिथे कलाकार उभे राहून फिरतात, पाठ करतात, पुन्हा तोंड वळवतात. एका जागेवरून आवाज सारखा जवळ-दूर होतो. अशा वेळी रेकॉर्डर वाद्यवाल्यांच्या बाजूला, पण प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेइतका दूर ठेवावा. वडसा-देसाईगंजहून निघणाऱ्या नाटकांचं रेकॉर्डिंग कंपनीच्या परवानगीशिवाय करूच नका. ते त्यांच्या पोटाचं साधन आहे.

लेव्हल

मंडळ सूर मिळवत असतं तेव्हा खंजिरीवाल्या महाराजांना विनंती करा की एकदा जोरात वाजवा. त्या थापेला काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास जायला हवा (शून्याला आवाज फाटतो). भजन रंगात आलं की हात आणखी जोरात पडतो, तेव्हा तो उणे 4-5 पर्यंत जाईल आणि तरीही फाटणार नाही. 24 बिटमध्ये आवाज थोडा कमी आला तर नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज मात्र कायमचा गेला. शंका असेल तर कमीच ठेवा.

‘ऑटो लेव्हल’ बंद. ती चालू असली की प्रत्येक थापेला गायकाचा आवाज खाली बसतो आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत जनरेटर वर उसळतो. हेडफोनवर आवाज श्वास घेतल्यासारखा वरखाली होतोय असं वाटलं तर ती चालूच राहिली आहे असं समजा. एकदा लावलेली लेव्हल मंडळ बदलेपर्यंत हलवू नका. गायकाचा आवाज चढतो तो भजनाचाच भाग आहे. त्याला बटणाने सपाट करायचं नसतं.

साऊंडवाल्याकडून लाईन घ्यायची का

लाईन म्हणजे साऊंडवाल्याच्या मशीनमधून वायरने थेट घेतलेला आवाज. घेता आली तर दुसरी प्रत म्हणून घ्या, एकमेव म्हणून नको. साऊंडवाल्याच्या मशीनमध्ये ज्यांच्यापुढे माईक आहे तेवढीच माणसं असतात. झीलकऱ्यांना बहुधा एकच माईक, टाळांना तोही नाही. नुसत्या लाईनवरचं भजन स्वच्छ येतं, पण ओकंबोकं.

अँप्लिफायरच्या मागे ‘लाईन आऊट’ किंवा ‘प्री आऊट’ असं लिहिलेलं भोक असेल तरच वायर लावा. स्पीकरच्या स्क्रूंना कधीही हात लावू नका. भोंग्यांच्या लाईनवर 70 ते 100 व्होल्ट असू शकतात. रेकॉर्डर जागीच जळेल आणि झटका बसेल तो वेगळाच. वायर मोठ्या पिनेची एका टोकाला, छोट्या पिनेची दुसऱ्या टोकाला, आणि रेकॉर्डरमध्ये इनपुट ‘लाईन’ वर, ‘माईक’ वर नाही. घूंऽऽ असा आवाज आला तर आधी रेकॉर्डरचा चार्जर काढून सेलवर चालवा. पुष्कळदा तेवढ्यानेच घुमार जाते. गेली नाही तर वायर विजेच्या वायरीपासून आणि झगमगत्या लाईटच्या माळांपासून लांब न्या. साऊंडवाल्या भाऊशी ही बोलणी कार्यक्रमाआधी, चहा घेताना व्हावी. कार्यक्रम सुरू झाल्यावर तो कोणालाही मशीनजवळ येऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

दोन यंत्रांवर घेतलेलं रेकॉर्डिंग नंतर जोडायचं असेल तर प्रत्येक भजनाआधी मंचाजवळ एक कडक टाळी वाजवा. दोन्ही यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी चालतात, तासाभरात फरक कानाला कळण्याइतका होतो. अख्खी रात्र एकदम जुळवायला जाऊ नका, एकेक भजन जुळवा.

दव, थंडी आणि कातडं

डिसेंबर-जानेवारीत बारानंतर दव पडायला लागतं. मंडपाच्या कापडातूनही ते झिरपतं. रेकॉर्डरवर प्लास्टिकची पिशवी घातली तर ती वाऱ्याने कुरकुरते. स्पंजच्या टोपीवर कोरडा सुती रुमाल सैल टाकावा आणि भिजला की बदलावा. थंडीतून उबदार गाडीत किंवा घरात आणलेलं यंत्र लगेच सुरू करू नका, आत पाणी धरतं.

दवाचा परिणाम खंजिरीवरही होतो. कातडं ओल धरतं, सैल पडतं, थाप बद्द येते. मग खंजिरी शेकोटीवर किंवा मोठ्या बल्बजवळ शेकतात. शेकून आलेल्या खंजिरीचा आवाज पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात टणक असतो. म्हणजे लेव्हल तपासायची ती शेकल्यानंतर. आधी लावलेली लेव्हल तेव्हा फाटू शकते. हल्ली पुष्कळ मंडळं फायबरच्या पडद्याची खंजिरी वापरतात. तिला दवाचा त्रास नाही, पण तिचा आवाज वरच्या पट्टीत टोचतो, तेव्हा एक पाऊल आणखी तिरकं सरका.

रेकॉर्डिंग चालू असताना सेल संपले तर फाईल नीट बंद होत नाही आणि उघडताना शून्य सेकंदांची दिसते. घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका आणि त्यावर पुढचं रेकॉर्डिंगही करू नका. फाईलचा आकार मोठा दिसत असेल तर आत आवाज आहे. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंपोर्ट रॉ डेटा’ निवडून 24 बिट, लिटल एंडियन, 2 चॅनल, 48000 असे आकडे दिले की बहुतेक वेळा सगळं भजन परत मिळतं. नुसती खरखर आली तर ऑफसेट एक-एक बाइटने वाढवून बघा.

वही

रेकॉर्डिंग सुरू करताच माईकजवळ हळू आवाजात बोला: तारीख, गाव, तालुका, मंडळाचं नाव. फाईलचं नाव पुढे बदललं, हरवलं, तरी ही ओळ आत राहते. त्यानंतर वहीत प्रत्येक भजनासाठी एक ओळ: रेकॉर्डरवरची वेळ, ध्रुपदाचे पहिले शब्द, मुख्य गायक, पेटीवरचा सूर (काळी एक, काळी दोन, पांढरी चार, जे असेल ते), ठेका (भजनी, केरवा, दादरा) आणि चाल. चाल सिनेगीताची असेल तर ते मुद्दाम लिहा, पुढे अपलोड करताना कामी येतं. मधेच ग्रामगीतेची ओवी आली तर अध्याय त्याच रात्री कोणा जाणत्याला विचारून घ्या. 41 अध्यायांतून ती नंतर शोधत बसणं जिवावर येतं. भजन ऐकताना अंगावर काटा आला तर कडेला एक चांदणी काढा. सकाळी हीच चांदणी सगळ्यात उपयोगाची ठरते.

काय ठेवायचं

रात्रभराचं सात-आठ तासांचं मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं एका जागी ठेवायचं. निवड करायची ती त्याच्या प्रतीतून, आणि लगेच नाही. आठवडाभर जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर रात्रीची आठवण ऐकू येते, भजन नाही.

निवडताना एकच भजन दोन-तीन रात्रींचं शेजारी शेजारी लावून ऐका. लय बघा: ध्रुपदाच्या सुरुवातीला अर्ध्या मिनिटात किती मात्रा पडल्या ते मोजा आणि शेवटच्या ध्रुपदाला पुन्हा मोजा. चांगल्या रात्री लय कडव्याकडव्याने चढते आणि प्रत्येक चढावर सगळे एकत्र असतात. लय एकाच ओळीत पळाली आणि तबला मागे राहिला तर लोकांनी कितीही टाळ्या दिल्या असल्या तरी ते भजन घसरलेलं आहे. मग झील ऐका. गायक आडवळणाने जाऊन परत येतो तेव्हा झीलकरी समेवर एकदम पडतात की दोघे आधी, तिघे नंतर? ही एक जागा ऐकली तरी मंडळाची तालीम कळते.

खरी परीक्षा मात्र मधल्या मोकळ्या जागेत असते. गायक अंतरा सोडून ओवी घालतो, एखादा दोहा टाकतो, गावातली गोष्ट सांगतो, पेटी नुसता सूर धरून असते, खंजिरी बोटांवर येते, आणि मग कुठूनतरी ध्रुपदाचा शब्द पकडून सगळे उसळतात. संग्रह करणारे पुष्कळ जण ‘बोलणं’ म्हणून नेमका हाच भाग कापतात आणि पाठ केलेलं भजन ठेवतात. तसं करू नका. पाठ केलेलं भजन पुढच्या गावातही तसंच मिळेल, हा भाग पुन्हा होणार नाही.

अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडची गोष्ट इथे लागू पडते. 1965 ते 1995 या काळात त्यांनी दोन हजारांवर कार्यक्रम केले, तीच गाणी दर रात्री वेगळी वाजवली आणि श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू दिलं. 1984 पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी कार्यक्रमात वेगळी जागा राखली. 8 मे 1977 चा कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कार्यक्रम आज सगळ्यात नावाजलेल्यांपैकी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या 2011 च्या यादीत तो घेतला. पण त्याहून चांगल्या रात्री होत्या असं म्हणणारे जुने श्रोते भरपूर आहेत. ती रात्र गाजण्यात बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रकबाईंच्या स्वच्छ टेपचा मोठा वाटा आहे, ती टेप हातोहात फिरली म्हणून. आपल्याकडे कोणाच्या भजनाचं नाव राहील हेही असंच ठरणार, म्हणून फक्त बक्षीस मिळवणाऱ्या मंडळाकडेच माईक धरून बसू नये.

संगणकावर

ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरतं. काम मूळ फाईलच्या प्रतीवर करा. ‘हाय पास’ फिल्टर 60 ते 80 हर्ट्झवर लावला की वाऱ्याची आणि पायांची धडधड जाते. 100 च्या वर नेलं तर डग्ग्याचा जीव जातो. मग एखाद-दुसरीच थाप बाकीच्यापेक्षा फार उंच असेल तर तेवढी थाप निवडून 3-4 डेसिबलने खाली आणा, आणि शेवटी सगळं ‘नॉर्मलाइज’ करून उणे 1 वर न्या. नॉइज रिडक्शनचा मोह टाळा. जनरेटर थोडा कमी होतो, पण चकत्या आणि टाळ बुडबुड्यांसारखे वाजायला लागतात. फारच लागलं तर 6 डेसिबलपर्यंत. कापताना भजनाआधीचे तीन-चार सेकंद, सूर मिळवण्याचे, राहू द्या आणि शेवटी ‘जय गुरुदेव’चा गजर पूर्ण होऊ द्या.

जपायची प्रत फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता फाईल लहान करणारा प्रकार), ऐकायची एमपी3 मध्ये 192 केबीपीएसवर. फाईलचं नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी: 2025-01-11, मग गाव, तालुका, मंडळ, क्रमांक. वर्ष आधी असलं की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मराठी अक्षरं जुन्या प्लेअरवर चौकोन होऊन दिसतात, म्हणून वाटायच्या प्रतींना इंग्रजी अक्षरांत नाव द्या. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरात. पेन ड्राईव्ह म्हणजे प्रत नव्हे, तो फक्त नेण्या-आणण्यासाठी. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मूळ दर्जा टिकतो.

परवानगी

रेकॉर्डिंगला आयोजकांची आणि मंडळाच्या प्रमुखांची परवानगी आधी, सगळ्यांदेखत घ्या. यूट्यूबवर टाकायला वेगळी विचारा. ऐकायला घेणं आणि जगाला दाखवणं यात फरक आहे. कायद्यानेही कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर 50 वर्षं हक्क असतो. रचनांचं वेगळं आहे. तुकडोजी महाराजांचं निर्वाण 11 ऑक्टोबर 1968 चं; भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे त्यांच्या रचनांवर तो 2028 संपेपर्यंत आहे. कमाईसाठी चॅनल चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चाल सिनेगीताची असेल तर यूट्यूब आपोआप हक्काचा दावा लावू शकतं. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा ते भजन मंडळाला पेन ड्राईव्हवर द्यावं.

मंडळाला प्रत द्यायचीच असते, आणि ती बहुधा ट्रॅक्टरवर नाहीतर ब्लूटूथ डब्यावर वाजणार असते. पेन ड्राईव्ह 32 जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट32 मध्ये फॉरमॅट करा. फाईली एमपी3 च ठेवा, फ्लॅक त्या डब्यांना बहुधा कळत नाही. स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने फाईली टाकल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून सगळ्या एकदम न ओढता एकेक करून, पहिल्या भजनापासून, टाका.